पॉइंट टू-टूचं बॅरल: ट्विस्ट १६ चा की १७-१८ चा? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, मी रत्नागिरीहून. धाकटी बहीण ५० मीटर प्रोन (पालथं पडून नेमबाजी) मारते, पॉइंट टू-टू रायफलने (गोळीचा व्यास ०.२२ इंच). बॅरल, म्हणजे नळी, बदलायचंय आणि गाडी ट्विस्टवर अडलीये, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा गोळीला किती इंचांत एक फेरा देतात त्यावर.

नेहमीचा ट्विस्ट म्हणजे १६ इंचांत एक फेरा. ४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाच्या गोळीला तो पुरतो. फेरा किती घट्ट हवा हे वजनापेक्षा गोळीच्या लांबीवर ठरतं. ६० ग्रेनची लांब गोळी १६ मध्ये डगमगते, पण ती आम्हाला मारायचीच नाही. आता एक अनुभवी नेमबाज सांगतात, १७-१८ चा सैल फेरा घ्या, गोळी कमी फिरली की तिच्यातला असमतोल तिला कमी भरकटवतो. तर्क पटतो. पण दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, त्यात हा फरक खरंच कागदावर दिसतो का?

दुपारी खारे वारे सुटले की झेंडी ताठ आडवी होते, उजवीकडून वारा असला की गोळ्या ओळीने डावीकडे सरकतात. ते ट्विस्टने सुटणारं नाही, असं माझं स्पष्ट मत.

एकाच लॉटच्या गोळ्या दोन्ही ट्विस्टमधून कुणी मारल्यात का? ग्रुपचे (कागदावरच्या छिद्रांच्या झुपक्यांचे) फोटो असतील तर कृपया टाका. आणि या दमट हवेत बॅरल स्टेनलेसचंच घ्यावं ना?