विल्म्स ट्यूमर : वजन ठीक असूनही मूल कुपोषित कसे?

कृष्णाकाठ
माझ्या साडेतीन वर्षांच्या भाच्याच्या उजव्या किडनीत विल्म्स ट्यूमर (लहान मुलांत होणारा किडनीचा कर्करोग) आढळला असून शस्त्रक्रियेआधीची केमो सुरू झाली आहे. वजन १३ किलो आहे, म्हणजे फारसे कमी नाही. तरीही आहारतज्ज्ञ बाईंनी दंडाचा घेर मोजून तो कुपोषित असल्याचे सांगितले. हे कसे? शिवाय पुढे एकच किडनी राहणार म्हणून डाळ आणि अंडी आतापासूनच कमी करावीत, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. ते योग्य आहे का?

बालरोगतज्ज्ञ, पुणे
काट्यावर मुलाबरोबर गाठही तोलली जाते, आणि ही गाठ कधी कधी किलोभराहूनही जड असते. दंडावर तिचा परिणाम होत नाही, म्हणून पाच वर्षांखालील मुलांत घेर साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास कुपोषण आणि साडेअकरापेक्षा कमी असल्यास तीव्र कुपोषण मानतात. याच कारणाने केमोमुळे गाठ आकसू लागली की मूल नीट जेवत असूनही वजन उतरू शकते. तेव्हा घाबरून न जाता दंडाचा घेर पाहावा.

आफ्रिकेतील मलावी देशातील ब्लँटायर येथील अभ्यासात असे दिसले की कुपोषित मुलांच्या शरीरातून व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाचा निचरा सावकाश होतो, म्हणजे नेहमीचाच डोस त्यांना जास्त बाधू शकतो. त्यामुळे तीव्र कुपोषित मुलांना डॉक्टर कधी कधी कमी मात्रेने सुरुवात करतात. तेथे शस्त्रक्रियेआधीच्या आठवड्यांत मुलांना शेंगदाण्याची पौष्टिक पेस्टही देत असत. अर्थात आहाराने गाठ बरी होत नाही. ती बरी होणे मुख्यतः आजाराचा टप्पा, पेशींचा प्रकार आणि उपचार पूर्ण होणे यांवर ठरते. मात्र अशक्त मुलाला जंतुसंसर्ग लवकर गाठतो आणि केमोच्या तारखा पुढे जातात.

दुसरी किडनी निरोगी असल्यास प्रथिने तोडण्याचे कारण नाही, उलट ती आत्ता अधिक लागतात. रक्तदाब आणि लघवीची तपासणी मात्र चुकवू नये, आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर देऊ नयेत.

सावलीची आई
आमच्या मुलीला व्हिन्क्रिस्टिनने जबडा दुखे आणि पोट अडे, त्यामुळे ती खात नाही हा हट्ट नव्हे हे आम्हाला उशिरा उमगले. तूप घातलेली मऊ मूगखिचडी, दुधातली नाचणीची पेज, पूर्ण उकडलेले अंडे, असे थोडे थोडे दर दोन तासांनी दिल्यावर बरे जमू लागले. बद्धकोष्ठतेचे औषध डॉक्टरांनी दिले.

बालरोगतज्ज्ञ, पुणे
ताईंचे बरोबर आहे. एक भर घालतो : गुळवेल किंवा अन्य काढे विचारल्याशिवाय देऊ नका, कारण व्हिन्क्रिस्टिनचे विघटन यकृतात होते आणि ॲक्टिनोमायसिन या केमोच्या दुसऱ्या औषधाचा ताणही त्याच यकृतावर पडतो.