एस२ची टार्लोव्ह सिस्ट : सुईने पाणी काढायचं की ऑपरेशनला पाठवायचं?

वेंगुर्ला_जीपी
४६ वर्षांची बाई, काजू कारखान्यात दिवसभर बसून काम. दीड वर्षापासून माकडहाडाच्या वर डावीकडे दुखतं. बसलं की वीस मिनिटांत वाढतं, आडवं झालं की उतरतं. शिंकताना किंवा शौचाला जोर करताना कळ मांडीच्या मागून खाली जाते. एमआरआयमध्ये एस२ला (सेक्रम, म्हणजे माकडहाडाच्या वरचं हाड, त्यातली दुसरी नस) डावीकडे २.३ सेंमीची सिस्ट (पाण्याची पिशवी), भोवतीचं हाड झिजलंय. कमरेच्या एल४-एल५ मणक्यांमधली गादी किंचित फुगलेली, पण नस मोकळी. रिपोर्टच्या शेवटी 'टार्लोव्ह सिस्ट, विशेष महत्त्वाची नाही'. प्रेगाबालिन (नसेच्या दुखण्याचं औषध) ७५ मिग्रॅ दोन वेळा चालू आहे, गुण थोडाच. घरचे म्हणतात, गाठ आहे तर काढून टाका. सुईने भागेल का? बांबोळी (गोवा मेडिकल कॉलेज), कोल्हापूर की मुंबई हे ठरण्याआधी इथे काय काय करून घेऊ?

मणका_कोल्हापूर
डॉक्टर, पहिलं काम म्हणजे घरच्यांच्या डोक्यातून 'काढून टाका' काढणं. ही गाठ नसेवर बसलेली नाही, नसच फुगलेली आहे. नसेचं मागचं मूळ जिथे गॅंग्लियनला (नसेच्या पेशींची गाठ) मिळतं तिथे नसेच्या आवरणांमध्ये मणक्यातलं पाणी (सीएसएफ) शिरतं आणि सिस्टच्या भिंतीत नसेचे चालते तंतू असतात. टार्लोव्हने १९३८ मध्ये हेच दाखवलं. एस२-एस३ची भिंत सरसकट कापली तर लघवी-शौचाचा ताबा जाऊ शकतो.

बहुतेक टार्लोव्ह सिस्ट आयुष्यभर गप्प असतात. इथे मात्र बाजू जुळते, आकार १.५ सेंमीच्या वर आहे, हाड झिजलंय आणि जोर केला की कळ येते. तोंड झडपेसारखं असतं: पाणी ठोक्यागणिक आत जातं, बाहेर यायला वाट अरुंद.

सुईने नुसतं पाणी काढलं तर तोंड उघडंच राहतं, सिस्ट पुन्हा भरते. चाचणी म्हणून उपयोग आहे: चार दिवस तरी आराम पडला तर दुखणं तिथलंच. फायब्रिन ग्लू (रक्तातल्या प्रथिनाचा डिंक) मात्र सिस्ट मणक्यातल्या पाण्याला मोकळेपणी जोडलेली नाही हे पाहिल्याशिवाय भरू नये. तोंड रुंद असलं तर ग्लू मणक्यातल्या पाण्यात उतरतो. ताप, मान ताठ, जंतूंविना मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज).

ऑपरेशनमध्ये पालथं झोपवतात, पोट मोकळं ठेवून. सेक्रमचं हाड अंड्याच्या टरफलाइतकं पातळ झालेलं असतं, ड्रिल दाबला की थेट सिस्टमध्ये. मग मायक्रोस्कोपखाली भिंतीवर स्टिम्युलेटर फिरवायचा, गुदद्वाराच्या स्नायूचा ईएमजी (स्नायूची हालचाल विजेवरून टिपणारी तपासणी) लावलेला असतो (म्हणून स्नायू सैल करणारं औषध भूल देतानाच, नंतर नाही). जिथे स्नायू हलत नाही तिथेच छेद. पाणी काढून भिंत नसेभोवती दुमडायची, बारीक टाके, वर चरबी किंवा स्नायूचा तुकडा आणि ग्लू. पोकळी रिकामी सोडली की पाणी तिथेच साठतं. हे ऑपरेशन फसतं ते बहुधा इथे.

कुठे पाठवायचं ते गावावर ठरवू नका. फोन करून दोनच विचारा: ऑपरेशनमध्ये ईएमजी लावता का, आणि सेक्रमच्या सिस्ट पूर्वी केल्यात का?

रेडिओ_रत्नागिरी
'विशेष महत्त्वाची नाही' हे वाक्य बहुतेक वेळा बरोबर असतं, पण हाड झिजलेलं असताना लिहायला नको होतं. फक्त सेक्रमचा एमआरआय मागा: ३ मिमीचे काप, सेक्रमच्या कलाने तिरपे कोरोनल (समोरून दिसणारे) टी२ (ज्यात पाणी पांढरं दिसतं), आणि एकदा कॉन्ट्रास्ट. सिस्ट सगळ्या सिक्वेन्समध्ये पाण्यासारखीच दिसली पाहिजे. भिंत जाड किंवा चमकणारी असली तर श्वानोमाचा (नसेच्या आवरणाची भरीव गाठ) विचार करा. तोंड अरुंद की रुंद हे सीटी मायलोग्राममध्ये (मणक्यातल्या पाण्यात रंग सोडून काढलेला सीटी) कळतं. लगेचचे फोटो आणि काही तासांनंतरचे, दोन्ही हवेत. उशिरा भरणारी सिस्ट म्हणजे झडप.

वॉर्ड_सिस्टर
ऑपरेशनची जखम गुदद्वाराजवळ असते, त्यामुळे ड्रेसिंगची खालची कड पाणी न शिरणारी हवी आणि शौचानंतर रोज बघायची. बद्धकोष्ठ होऊच द्यायचा नाही, लॅक्टुलोज (शौच मऊ करणारं औषध) पहिल्या दिवसापासून. ड्रेसिंगवर पाण्यासारखा ओलावा, किंवा उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, म्हणजे गळती. त्याच दिवशी सर्जनला कळवा. परतीचा प्रवास गाडीत बसून घाटातून नको. मुंबईहून असेल तर कोकण रेल्वेचा खालचा बर्थ, पूर्ण आडवं. सहा आठवडे कळशी, काजूचं पोतं काहीच उचलायचं नाही.

वेंगुर्ला_जीपी
आभारी आहे. आज सोनोग्राफी केली, लघवीनंतर १४० मिली उरते. तक्रार मात्र काहीच नाही.

मणका_कोल्हापूर
१०० मिलीच्या वर आहे, तेव्हा युरोडायनॅमिक (मूत्राशयाच्या दाबाची तपासणी) करूनच पाठवा. ऑपरेशनआधीची नोंद नसली तर नंतरचा दोष कशाचा हे कळत नाही. शौचानंतर पुसताना कागद किंवा हात लागलेला कळतो का, हे बाईंना स्पष्ट विचारा, त्या आपणहून सांगणार नाहीत. बधिरपणा असेल किंवा लघवी अडली, तर तारखेची वाट बघू नका, त्याच रात्री निघू द्या.