"मेल वाचत नाहीत" म्हणून कर्मचाऱ्यांना दोष देणाऱ्यांना

जुनीखुर्ची

परवा 'संदेशवाहक' यांनी लिहिलं, की मोठ्या कंपनीतली माणसं काही वाचतच नाहीत. ॲप दिलं, दर सोमवारी मोठ्या साहेबांचा व्हिडिओ दिला, तिमाही टाउनहॉल, म्हणजे साहेब आणि सगळे कर्मचारी यांची सभा, ठेवला, तरी निम्म्या मेल न उघडता पडून राहतात. त्यांचा उपाय असा, की मजकूर आणखी छोटा करा, चित्रं घाला, वाचणाऱ्याला पॉइंट द्या. दोन दिवस गप्प बसून पाहिलं. आता राहवत नाही.

२२ वर्षं मी अशाच कंपन्यांत काढली आहेत. माणसं मेल वाचतात हो. रजेचे नियम बदलल्याची, पगारवाढीच्या तारखेची, कोणता विभाग कोणाकडे गेला याची मेल आली की पाच मिनिटांत मजलाभर होते. जिच्यात आपल्या कामाचं काही नसणार हे आधीच्या ५० मेलवरून कळलेलं असतं, ती उघडत नाहीत. यात त्यांचं काय चुकलं?

आमच्याकडे ऑर्डर नोंदवायची प्रणाली बदलली. जे काम दोन स्क्रीनवर व्हायचं त्याला सात स्क्रीन लागायला लागल्या. चाचणीच्या वेळीच आम्ही हे लेखी कळवलं होतं. पुढे टाउनहॉलमध्ये आमच्यातल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, तर "चांगला प्रश्न आहे, यावर आपण वेगळं बसू" असं उत्तर मिळालं. ते बसणं कधीच झालं नाही. पुढच्या खेपेपासून प्रश्न आधी लेखी मागवायला लागले, म्हणजे निवडून घेता यावेत. ती मुलगी परत बोलली नाही. तिच्या आजूबाजूचे ४० जणही बोलले नाहीत. आज त्याच ४० जणांना तुम्ही उदासीन म्हणता!

अमेरिकेतला हॉथॉर्न कारखाना म्हटलं की सगळ्यांना दिव्यांचा प्रयोग तेवढा आठवतो, उजेड कमी-जास्त करून कामावर काय फरक पडतो ते पाहायचा. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या त्याच कारखान्यात १९२८ पासून मुलाखतींचा मोठा कार्यक्रम झाला, २० हजारांहून जास्त कामगारांशी बोलणं झालं. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारायचे. लोक त्यांची उत्तरं सोडून आपल्या मनातलं बोलायला लागायचे. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि ऐकायला सुरुवात केली. जवळजवळ १०० वर्षं झाली याला. आपण अजून व्हिडिओ किती मिनिटांचा असावा यावर अडलोय.

संदेशवाहक

माझं अर्धंच म्हणणं उचललंत. मी अंतर्गत संवादाचं काम करतो. माझ्या मसुद्यावरून कायदा, वित्त, एचआर असे आठ जण हात फिरवतात आणि शेवटी उरतं त्यावर माझी सही नसते, पण शिव्या मला पडतात. सूचीबद्ध कंपनीत शेअरच्या भावावर परिणाम करणारी बातमी कर्मचाऱ्यांना आधी आणि बाजाराला नंतर अशी देता येत नाही. म्हणून लोकांना ती पेपरात वाचावी लागते आणि "आम्हाला कोणी सांगितलं नाही" असं होतं. यात आमचा काय गुन्हा?

तुम्ही म्हणता ऐका. मी एकदा ४,००० लोकांना विचारलं होतं, काय बदलायला हवं ते थेट मला लिहा. उत्तरं आली ११.

आणि शब्दाला, माध्यमाला किंमत नसते असं समजू नका. १७ मार्च २०२२ ला पी अँड ओ फेरीज या ब्रिटिश जहाज कंपनीने सुमारे ८०० खलाशांना आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या व्हिडिओतून कामावरून काढलं. तो व्हिडिओ जगभर निंदेचा विषय झाला. कसं सांगितलं हे महत्त्वाचं असतंच.

जुनीखुर्ची

पी अँड ओचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं केलंत. आठवड्याभरात त्यांचे मुख्याधिकारी ब्रिटिश खासदारांच्या समितीपुढे बसले. युनियनशी सल्लामसलत करणं कायद्याने बंधनकारक होतं आणि आम्ही ती न करायचं ठरवलं, हे त्यांनी तिथे कबूल केलं. म्हणजे आधी विचारायचंच नाही असा निर्णय झाला होता. व्हिडिओऐवजी स्वतः जहाजावर जाऊन सांगितलं असतं तर ते ८०० जण खूश झाले असते का?

११ उत्तरांचं दुःख मला कळतं. पण त्या ११ जणांना पुढे काय उत्तर गेलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मधलीफळी

इथे थोड्या वेळाने कोणीतरी म्हणणारच, की सगळा दोष मॅनेजरचा. म्हणून आधीच लिहितो. टीम-टीममधला एंगेजमेंटचा, म्हणजे माणसं किती मन लावून काम करतात याचा, निदान ७० टक्के फरक मॅनेजरमुळे पडतो, हे गॅलप या सर्व्हे करणाऱ्या संस्थेचं वाक्य आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात पडद्यावर येतं. ते ऐकून वरच्यांचे खांदे हलके होतात आणि आमच्यावरचं ओझं वाढतं.

माझ्या हाताखाली १४ जण आहेत. फेररचनेची अफवा उठली तेव्हा मी वर विचारलं. "तुमच्या विभागाला धक्का नाही" असं सांगितलं गेलं. मी तेच टीमला सांगितलं, माझा शब्द म्हणून. तीन आठवड्यांत त्यातल्या तिघांची पदं गेली. मला ते त्यांच्याआधी ४० मिनिटं कळलं, सोबत काय बोलायचं त्याचं एक पान. त्यातला एक जण माझ्याबरोबर नऊ वर्षं होता. तो आजही माझा फोन उचलत नाही. तुम्ही दोघं वर आणि खाली यांचं भांडताय. मधे जो उभा आहे त्याला कोणी काही विचारत नाही.

तिसरीपाळी

मेल, मेल काय लावलंय? आमच्याकडे कंपनीचा मेल आयडीच नाही. मशीनवर आहोत आम्ही, ६०० माणसं. ॲप स्वतःच्या फोनवर घ्या म्हणतात आणि सुरक्षेच्या नियमाने फोन लॉकरमध्ये. मग पाळी संपल्यावर, घरी जाताना, फुकटात साहेबांचा व्हिडिओ बघायचा का? टाउनहॉल दिवसा असतो. रात्रपाळीला उतरलेला माणूस त्या वेळी झोपलेला असतो. तो "हजर नव्हता" या आकड्यात मोजला जातो.

आमचा खरा संवाद पाळी बदलताना होतो, १० मिनिटं. कुठलं मशीन आवाज करतंय, काय अडलंय, सगळं तिथेच. दोन वर्षांपूर्वी वेळ वाचवायचा म्हणून तीच १० मिनिटं काढली. मग "संवाद वाढवू या"चं पोस्टर लागलं.

माणसं तीच असून काय बदलू शकतं ते पाहायचं असेल तर अमेरिकेतला फ्रीमाँटचा मोटारींचा कारखाना बघा. जनरल मोटर्सने तो १९८२ ला बंद केला, कामगार बिघडलेले आहेत म्हणत. १९८४ ला टोयोटाबरोबर नुमी या नावाने सुरू केला, बहुतेक जुनेच कामगार परत घेऊन. चूक दिसली की दोर ओढून लाइन थांबवायची मुभा दिली आणि दोर ओढल्यावर मदतीला माणूस धावत यायचा. जिथे गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरात असायची तिथे माणसं कामावर यायला लागली.

मधलीफळी

नुमीची गोष्ट अर्धवट सांगू नका. जनरल मोटर्सने तीच पद्धत व्हॅन नाइसच्या आपल्या दुसऱ्या कारखान्यात नेली आणि तिथे ती रुजली नाही. दोर टांगून काम होत नाही. लाइन थांबली तर सुपरवायझरची मान कापणार नाही हे त्याला वरून कोणी सांगितलेलं लागतं.

तिसरीपाळी

मग मी वेगळं काय म्हणतोय?

आकडेमोड

चर्चा भावनेवर चालली आहे म्हणून लिहितो. कोणाला काय वाटतं हे किश्श्यांवरून ठरत नाही. गॅलपच्याच मोजणीत जगभरात मन लावून काम करणारे २०२३ ला २३ टक्के होते, २०२४ ला २१. मोजलं म्हणून हे कळलं. निनावी सर्व्हे हा खालून वर जाणारा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे. लोकांनी तो प्रामाणिकपणे भरला तर यातल्या निम्म्या तक्रारी वर पोचतील.

कोपऱ्यातलीजागा

"निनावी" हा शब्द वाचला आणि हात थरथरला. माझं ऐका.

आमची टीम सात जणांची. सर्व्हेत मी शेवटच्या मोकळ्या चौकटीत लिहिलं, की शुक्रवारी संध्याकाळी काम देऊन सोमवारी सकाळी मागणं हे रोजचं झालंय. महिन्याभराने मॅनेजरने अहवाल टीमपुढे उघडला आणि माझं वाक्य, जसंच्या तसं, मोठ्याने वाचलं. वाचून माझ्याकडे पाहिलं. त्यात एक शब्द होता जो ऑफिसात फक्त मीच वापरते. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये "वृत्ती नकारात्मक" असा शेरा आला, त्याआधीच्या सहा वर्षांत एकदाही नव्हता.

आणि एक सांगा. ज्यांनी सर्व्हे भरला नाही, फक्त त्यांनाच आठवणीची मेल कशी येते? कोणी भरला ते माहीत नसेल तर कोणी भरला नाही हे कसं कळतं?

आकडेमोड

ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं. पण त्यावरून सगळ्या सर्व्हेंना बदनाम करू नका. प्रत्येकाला वेगळी लिंक जाते, ती भरली गेली की नाही याची नोंद एकीकडे आणि उत्तरं दुसरीकडे असतात. मॅनेजरला पाचपेक्षा कमी उत्तरांचा अहवाल दिसतच नाही. तांत्रिकदृष्ट्या याला गोपनीय म्हणतात, निनावी नव्हे.

कोपऱ्यातलीजागा

मग मेलमध्ये "निनावी" का लिहिता? सातातल्या पाच जणांनी भरलं की अहवाल उघडला, तसाच आमचा उघडला. पाच जणांत मला ओळखायला किती वेळ लागतो?

जुनीखुर्ची

पाचची मर्यादाही पुरत नाही. मोठ्या विभागाचा निकाल दिसतो, त्यातल्या एका टीमचा दिसतो, वजाबाकी केली की उरलेल्या चौघांचा आपोआप हाती येतो. वरून वय, नोकरीची वर्षं, स्त्री-पुरुष असे भाग पाडले की झालं. आमच्या विभागात २० वर्षांहून जुनी बाई एकच होती.

आकडेमोड

चांगल्या प्रणाली अशी वजाबाकी रोखतात. तुम्ही लोकांना घाबरवताय, इतकंच मला दिसतंय. उद्या कोणीच भरलं नाही तर नुकसान कोणाचं?

कोपऱ्यातलीजागा

मला घाबरायला तुमच्या धाग्याची गरज नव्हती. मी घाबरले ते त्या खोलीत, सहा जणांसमोर. तुम्ही आकडे बघता. त्या खोलीत तुम्ही नव्हता.

आकडेमोड

अपमान करायचा असेल तर मी थांबतो. १२ वर्षं हेच काम करतोय, लोकांचं भलं व्हावं म्हणूनच.

मधलीफळी

थांबू नका, कारण मला एक कबूल करायचंय आणि ते तुम्ही वाचायला हवं. आमच्या बोनसचा एक भाग टीमच्या सर्व्हे गुणांवर आहे. गेल्या वर्षी मी टीमला सांगितलं, "चांगले गुण द्या, नाहीतर कृती आराखड्याच्या बैठका आपल्याच डोक्यावर बसतील." सगळ्यांनी दिले. माझी टीम कंपनीत वरच्या दहात आली. त्याच टीममधून सहा महिन्यांत चार जण सोडून गेले. मला त्या आकड्याची लाज वाटते, पण हे सगळेच करतात.

जुनीखुर्ची

हे लिहायला धीर लागतो, मानलं. मघाशी तुमच्याबद्दल मनात जे होतं ते थोडं मागे घेतो.

एंगेजमेंट हा शब्द या अर्थाने रुजला तो विल्यम कान या संशोधकाच्या १९९० च्या लेखातून. त्यांनी उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि वास्तुरचनेच्या एका फर्ममधली माणसं जवळून पाहिली, त्यांच्याशी बोलले. माणूस कामात स्वतःला ओततो तेव्हा तीन गोष्टी असतात म्हणाले: कामाला अर्थ वाटणं, बोललो तर आपल्यावर शेकणार नाही ही खात्री, आणि अंगात तेवढी ताकद शिल्लक असणं. त्यातली दुसरी अट आपण सर्व्हेनेच मोडतोय.

आणखी एक. एमी एडमंडसन या संशोधिकेला रुग्णालयांतल्या टीम अभ्यासताना चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त दिसली. कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. ज्या टीमचा अहवाल गुळगुळीत आहे तिथे आधी जाऊन बसा.

आकडेमोड

गुणांना बोनस जोडू नये, हे मी आमच्या अहवालात तीन वेळा लिहिलंय. कोणी ऐकलं नाही. "निनावी" शब्दाबद्दल ताईंचं म्हणणं बरोबर आहे. तो शब्द मी काढायला लावेन. सर्व्हेच नको, हे मात्र मी मानणार नाही. ६०० जणांच्या पाळीत प्रत्येकाशी कोण बोलणार?

तिसरीपाळी

निवडलेले प्रतिनिधी बोलतील. जर्मनीत पाच कामगार असलेल्या ठिकाणीही कामगार मंडळ निवडता येतं. जिथे ते आहे तिथे त्याचं म्हणणं न ऐकता कोणाला काढलं तर ते काढणंच कायद्याने रद्द ठरतं. तिथे ऐकणं साहेबाच्या मनावर सोडलेलं नाही. आमच्या वतीने बोलणारा माणूस आम्ही निवडलेला असेल तर त्याच्या वाक्यातला शब्द कोणाचा हे शोधून मॅनेजरला काय मिळणार?

संदेशवाहक

मंडळं आणि युनियनमध्येही राजकारण असतं, निवडून आलेला सगळ्यांचं बोलतोच असं नाही. मी ते जवळून पाहिलंय. पण ते राहू द्या.

काल रात्री मी जुन्या मेल उघडल्या. त्या ११ जणांना मी "धन्यवाद, आपलं मत मोलाचं आहे" एवढंच पाठवलं होतं. त्यातल्या दोघांनी लिहिलेली अडचण आजही तशीच आहे. पॉइंट द्यायची कल्पना मी सोडतो. मेल छोट्या असाव्यात हे सोडत नाही. पुढच्या टाउनहॉलच्या आधी मागच्या दोन टाउनहॉलमधले न सुटलेले प्रश्न, कोणाच्या टेबलावर आणि कधीपासून पडलेत त्या तारखेसह, लावून बघतो. आठ जणांच्या हातून ते जाऊ देतील की नाही, आज सांगू शकत नाही.

तिसरीपाळी

लावाल तर कागदावर लावा, लॉकरच्या खोलीत. आणि टाउनहॉल एकदा रात्री ११ ला ठेवा.

कोपऱ्यातलीजागा

यादी लागली तर बघायला येईन. सर्व्हे मात्र या वर्षी भरणार नाही. आठवणीची मेल आली तरी.