'लार्गो' म्हणजे लांब की रुंद?

खारीबिस्कीट (धागाकर्ता)
लॅटिनमधला 'लार्गुस' म्हणजे मुबलक, सढळ. त्याच्यापासून इंग्रजीत 'लार्ज' आला, मोठा. स्पॅनिशमध्ये 'लार्गो' म्हणजे लांब. स्पेनच्याच वायव्य कोपऱ्यात गॅलिशियन बोलतात, तिथे मात्र 'लार्गो' म्हणजे रुंद, लांबला 'लोंगो'. पँट 'लार्गो' होतेय म्हणालात तर स्पॅनिश शिंपी ती खालून दुमडेल, गॅलिशियन शिंपी कंबरेत आत घेईल. पण स्पॅनिश तिथे सगळ्यांनाच येतं, त्यामुळे गॅलिशियन बोलतानाही लांबला 'लार्गो' म्हटलं जातं. माझ्या मते ही सरळ चूक आहे. शाळेत लाल शाईने खोडावी.

शुद्धलेखनशत्रू
खोडा खुशाल! 'लार्ज' फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो उदार, रुंद असे अर्थ घेऊन. आज ते औदार्य 'लार्जेस'मध्ये तेवढं उरलंय. कुणी अडवलं का? स्पॅनिश कोशात तर 'लार्गो'चा एक अर्थ अजून 'सढळ हाताचा' असाच आहे.

खारीबिस्कीट
इंग्रजीच्या उरावर तेव्हा कोण बसलं होतं?

शुद्धलेखनशत्रू
फ्रेंच! इंग्लंडवर राज्य करणारे फ्रेंच बोलणारे नॉर्मन राजे विसरलात वाटतं.

खारीबिस्कीट
बरं, तो मुद्दा तुमचा. पण इंग्रजी त्यातून तगली. गॅलिशियन स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात शाळा-कचेऱ्यांबाहेर होती, स्पॅनिशच्या जोडीने अधिकृत दर्जा मिळाला तो १९८१च्या स्वायत्तता कायद्याने. अशा भाषेतून 'लोंगो' गेला तर लांब-रुंद हा भेदच जाईल.

मांडवीकर
भेद कसा जाईल? रुंदला गॅलिशियनमध्ये 'आंचो' पण आहे की. बाकी पोर्तुगीज या बाबतीत गॅलिशियनच्याच बाजूची, मध्ययुगात दोन्ही एकच भाषा होत्या. पोर्तुगीजमध्ये 'लार्गो' रुंद, शिवाय चौकसुद्धा. पणजीत चर्चसमोरचा चौक 'लार्गो दा इग्रेजा'च.

खारीबिस्कीट
अहो, 'आंचो' स्पॅनिशमध्येही रुंदच! म्हणजे लांबला 'लार्गो', रुंदला 'आंचो', जोडी हुबेहूब स्पॅनिश. मग गॅलिशियन म्हणून राहिलं काय?

शुद्धलेखनशत्रू
बोलणारी माणसं राहिली ना! दर वाक्याला टोकलं तर ते पोर 'लोंगो' म्हणायला लागेल, की कटकट नको म्हणून सरळ स्पॅनिशवर जाईल? माझी पैज दुसऱ्यावर.

खारीबिस्कीट
बोलताना टोकू नये, कबूल. निबंधात मात्र मी खोडणारच.