अनुभव धागा: ॲलर्जीवाली पोरं मोठी होताना

लहानपणी डबा आपल्या हातचा. आठवी-नववीनंतर पोरं क्लासखाली उभी राहून खातात, तिथे आपण नसतो. ज्यांच्या मुलांना गंभीर फूड ॲलर्जी आहे त्या आयांनी लिहा. सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

दादर. मुलगा १६, शेंगदाणा
आपल्याकडे कूट कुठे नसतं ते सांगा! खिचडीत मी खोबरं घालते, सासूबाई अजून नाक मुरडतात. गेल्या वर्षी त्याने क्लाससमोर वडापाव खाल्ला. 'सुकी चटणी नको' म्हणाला होता, पण पाव कापला तो चटणीच्याच सुरीने. ओठ सुजले, उलटी झाली, आवाज बसला. मित्राने सेट्रिझिन दिली आणि दोघं वाट बघत बसले. (ती गोळी खाज कमी करते, श्वास मोकळा करत नाही. शंभरदा सांगितलंय.) ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, जीव वाचवणारं, बॅगेतच होतं. का नाही घेतलंस? तर म्हणे, 'सगळे बघत होते.' शेवटी हॉस्पिटलात मांडीत दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं, कारण त्रास काही तासांनी उलटू शकतो. आता त्याच्या ३ मित्रांना स्वयंपाकघरात बसवून संत्र्यावर इंजेक्शन टोचायला शिकवलंय.

ठाणे. लेक १४, कोलंबी
आम्ही सीकेपी, म्हणजे विचार करा. मासे चालतात, कवचवाले नाहीत. आई म्हणायची, 'नुसत्या वाफेने काय होतंय?' झालं. कढईजवळ उभी राहिली आणि धाप लागली. आता आम्ही जाणार असलो की माहेरी बांगडा.

गोरेगाव. मुलगा १३, दूध
पाकिटावर दूध, दाणे, सोया असल्याचं छापणं एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. सुट्या फरसाणाचं आणि प्रसादाच्या पेढ्याचं काय? 'देवाचं आहे, काही होत नाही' म्हणणाऱ्या काकूंना मी आता सरळ नाही म्हणते.

विलेपार्ले. मुलगी १७, शेंगदाणा
लिहू की नको... तिला सांगावं लागलं की समोरच्याने दाणे खाल्ले असतील तर चुंबनातूनही रिॲक्शन येऊ शकते. 'आई, शी!' दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी ओट्याशी येऊन हळूच, 'दात घासले तर चालतं?' मी लाटता लाटता म्हटलं, नुसतं घासून भागत नाही, मध्ये काही तास जायला हवेत, दाणे नसलेलं जेवण व्हायला हवं. आणि कोण गं तो?

पोळी करपली.