मदत हवी आहे: गारांच्या ढगातला वेग मध्येच उलटा कसा काय दाखवतोय?

तापीकाठ:
परवा गाईडना आलेख दाखवायचाय आणि तीन दिवस एकाच जागी अडकलेय. एमएस्सी फिजिक्स, जळगाव. गारपिटीच्या ढगात हवा किती वेगाने वर चढते, हा प्रोजेक्टचा विषय. रडारचा डेटा परदेशातला, फुकट मिळाला. खालचा भाग ठीक वाटतो. वर जावं तसा वेग वाढत सेकंदाला +१५ मीटरपर्यंत जातो आणि उंचीच्या पुढच्याच खणात एकदम -१४! मग -१२, -९. ऐन मधोमध हवा अशी उलटी फिरेल का? कोड दहादा तपासला. प्लीज लवकर सांगा.

जुना_धुळेकर:
रडार कोणतं, तरंगलांबी किती, सेकंदाला स्पंद (रडारने सोडलेल्या लहरींचे ठोके) किती? डिश आकाशाकडे तोंड करून आहे की गोल फिरतेय? हे काहीच न सांगता 'लवकर सांगा' म्हणजे डॉक्टरला फोनवर 'दुखतंय' एवढंच सांगण्यासारखं.

सातपुडा७:
मुळात एका रडारने हे होतच नाही. डॉपलर रडारला फक्त स्वतःच्या दिशेने येणारा किंवा दूर जाणारा वेग कळतो. दोन रडार लागतात, ढगाकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहणारी, कोनांतला फरक साधारण ३० ते १५० अंश. त्यातून आडवे वारे काढायचे. खाली हवा गोळा होतेय आणि वर पसरतेय, तर मधली हवा वर गेलीच असणार. त्या हिशेबाने उभा वेग निघतो. विषय बदला, वेळ वाचेल.

केळीवाला_रावेर:
ताई, मले त यातलं काही समजलं नाही, पण गार म्हटलं म्हणून आलो. २०१४ च्या मार्चातली गारपीट आठवते का? केळीचा निसवलेला (घड निघालेला) बाग होता. पानांच्या चिंध्या झाल्या न् घडावर काळे डाग. व्यापारी बांधावरूनच परत गेला. तवा एक गार फोडून पाहिली होती, आत कांद्यासारखे पापुद्रे, एक पांढरा, एक काचेसारखा. विमा असेल त ७२ तासांत कळवा, फोटो काढून ठेवा.

तापीकाठ:
@केळीवाला_रावेर दादा, विमा नाही, प्रोजेक्ट आहे :) पण पापुद्र्यांचं प्रस्तावनेत घालते.
@जुना_धुळेकर सॉरी सर. रडार सरळ वर बघणारं आहे, म्हणजे त्याला दिसणारा वेग उभाच, हे सांगायचंच राहिलं. तरंगलांबी ३.२ सेंमी, सेकंदाला २००० स्पंद. अधिक म्हणजे वर, उणे म्हणजे खाली.

कोडवाला_भुसावळ:
पाय-आर्ट टाका (रडारचा डेटा हाताळायचं फुकट सॉफ्टवेअर), त्यात ही उडी काढायचं तयार फंक्शन आहे. नाहीतर एआयला द्या, दोन मिनिटांत करून देईल.

जुना_धुळेकर:
एआय राहू द्या, इथे पाचवीची बेरीज पुरते. रडारला मोजता येणारा कमाल वेग म्हणजे तरंगलांबी गुणिले स्पंदसंख्या भागिले चार. ३.२ × २००० ÷ ४ = १६०० सेंमी, म्हणजे सेकंदाला १६ मीटर. त्यापुढचा वेग दुसऱ्या टोकाने आत येतो, घड्याळात बारानंतर एक वाजतो तसा. तुमच्या -१४ मध्ये ३२ मिळवा: +१८. -१२ चे +२०, -९ चे +२३. झाला ना आलेख सरळ?

पण थांबा, खरी चूक पुढेच आहे. ती हवा नाहीच! रडारला हवा दिसत नाही, गारा दिसतात. समजा गार सेकंदाला १० मीटरने पडतेय आणि हवा तिला ३३ ने वर ढकलतेय, म्हणून २३ दिसले. पडण्याचा वेग मिळवल्याशिवाय हवेचा वेग हाती लागत नाही. तो गारेच्या आकारावर ठरतो. इंचभराची गार जमिनीलगत साधारण १५ ते २० ने पडते. शिवाय आठ किलोमीटरवर हवा विरळ, तिथे तीच गार सव्वा-दीडपट वेगाने पडेल.

सातपुडा७:
म्हणजे आकाराचा अंदाज चुकला की सगळंच चुकलं. म्हणून तर दोन रडार म्हणत होतो.

जुना_धुळेकर:
तुमच्याही पद्धतीत चुका साचत जातातच ना? बेरीज जमिनीपासून वर करत नेली की माथ्यावर भलतेच आकडे येतात, म्हणून लोक वरून खाली येतात. आणि तिच्याकडे एकच रडार आहे, दुसरं काय तापीत बुडी मारून काढायचं?

पावसाळी:
दोघंही बरोबर, भांडू नका. १९५९ मध्ये इंग्लंडातल्या वोकिंगहॅमच्या वादळात ब्राउनिंग आणि लडलम या हवामानशास्त्रज्ञांना रडारच्या जोरदार प्रतिध्वनीच्या मधोमध पोकळी दिसली होती. वर जाणारी हवा इतकी जोरात की तिथे थेंब मोठे व्हायला वेळच मिळत नाही. ताई, तुमच्या परावर्तनाच्या (परत येणाऱ्या लहरींच्या ताकदीच्या) आलेखात +२३ च्या जागी काय आहे?

तापीकाठ:
३२ मिळवले, उडी गेली!! परावर्तन तिथे कमीच आहे, त्याच्या वर ५५ डीबीझेडच्या (परावर्तनाचं एकक) आसपास. म्हणजे पडण्याचा वेग दोन्हीकडे वेगळा घ्यायचा ना?

जुना_धुळेकर:
हो. कमी असेल तिथे लहान कण धरा, ५५ च्या पट्ट्यात गार. गारेच्या पडण्याच्या वेगाचा एकच आकडा न घेता ८ आणि १६ असे दोन घ्या, मधला भाग पट्टा म्हणून दाखवा. गाईडनी विचारलं तर निदान 'लपवलं नाही' असं तरी म्हणता येईल.

केळीवाला_रावेर:
एक विचारू का? हे वर बघणारं यंत्र आपल्या जिल्ह्यात का नाही?

पावसाळी:
दादा, का नाही ते माहीत नाही, पण लांबून बघणारं भोपाळचं रडार रावेरपासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. पृथ्वी गोल, त्यामुळे क्षितिजाच्या अर्धा अंश वर सोडलेली शलाका (रडारचा झोत) तुमच्या बागेपर्यंत येईतो सहा किलोमीटर उंचीवर गेलेली असते, आणि रुंदी चार किलोमीटरच्या वर. ढगाचा खालचा अर्धा भाग तिला दिसतच नाही.

केळीवाला_रावेर:
मंजे गार पडते तो भागच नाही दिसत. बरं.