सांगणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, एवढं तरी कळू दे

परळकर:
काल इथे पोस्ट होती, 'निवेदक, प्रतीक ही सगळी प्राध्यापकांची दुकानदारी, गोष्ट आवडली की झालं.' डोकंच फिरलं. भाऊ पाध्येंचं 'वासूनाका' घ्या, १९६५ चं. त्यातला निवेदक, म्हणजे गोष्ट सांगणारा, कोण? पोक्या. नाक्यावर उभं राहणारा पोरगा, भाषा त्याची, पोरींकडे बघायची नजर त्याची. आणि अत्र्यांनी झोडपलं कोणाला, तर भाऊंना! पोक्या जे फुशारकीने सांगतो ते वाचताना आपल्या अंगावर काटा येतो, ही जी फट आहे ना, तिथेच सगळं पुस्तक आहे. ती दिसली नाही तर हातात नुसत्या शिव्या उरतात.

भांडुपची:
पोस्ट माझीच. माझी आई सातवी शिकलेली, वॉर्डातल्या वाचनालयातली कपाटंच्या कपाटं वाचून काढली तिने. निवेदक वगैरे तिला कोणी शिकवला नव्हता, तरी गोष्टीतला कोण थापा मारतोय ते बरोब्बर कळायचं.

परळकर:
अहो मग तिला येतच होतं की! फक्त दुसऱ्याला दाखवून द्यायला नाव लागतं.

चर्नीरोडवाला:
ते राहू दे, प्रतीकांचं बोला. बी.ए.ला एका कथेत गळका नळ होता. मॅडम म्हणाल्या काळाचं प्रतीक, तेच लिहा. मी चाळीत वाढलोय, नळ गळतो कारण वॉशर गेलेला असतो!! वेगळं लिहिलं तर मार्क कापले.

खिडकीतली सीट:
एकदाच आला तर वॉशर. तोच नळ बाप गेल्यावर आणि परत शेवटच्या पानावर गळत असेल तर लेखकाने मुद्दाम ठेवलाय तो तिथे. जरा कान द्या.

चर्नीरोडवाला:
कान आहेत मला, शिकवू नका. आला होता शेवटी, मान्य. पण काळच कशावरून? त्या घरात पगार पुरत नाही, आई रोज हिशोब मांडते, मला तो गळणारा पैसा वाटला.

खिडकीतली सीट:
मग हिशोबाचा प्रसंग दाखवून तसं लिहायचं ना.

चर्नीरोडवाला:
तेच लिहिलं होतं हो!! त्याचेच मार्क गेले.

भांडुपची:
हीच ती दुकानदारी.

परळकर:
चूक मॅडमची, प्रतीकाची नाही. गाईडातली उत्तरं घोकून घेणाऱ्यांचा राग वाचनावर काढू नका.

भांडुपची:
बरं, पोक्याचं पटलं, अर्धंच. निवेदकाच्या आडून स्वतःचीच घाण मतं खपवणारे लेखक ढिगाने आहेत, त्यांचं काय?

परळकर:
कथा त्या निवेदकाला कुठे उघडा पाडते का बघायचं. दुसऱ्या पात्राच्या एका वाक्यातून, त्याने लपवलेल्या एखाद्या गोष्टीतून. कुठेच पाडत नसेल तर खुशाल लेखकाला झोडा, मीही येतो.